बर्चच्या जागेवरचं गवत

जाळीच्या दाराची स्प्रिंग करकरली आणि दुपारची शांतता मोडली. रागनानं आधी पाळण्याकडे पाहिलं. बाळ हललं नव्हतं. दारात सहा वर्षांची लोवा उभी होती, अनवाणी, घोट्यापर्यंत मातीनं माखलेली.

"आई, आज शाळेला सुट्टी लागली. तरी आलं नाही."

"काय आलं नाही?"

"गवत! आजोबांचं."

रागना ओलं फडकं घेऊन तिचे पाय पुसायला बसली. मागच्या अंगणात, जिथलं बर्चचं किडलेलं झाड गेल्या उन्हाळ्यात तोडलं होतं, तिथं जेवणाच्या टेबलाएवढा बोडका गोल होता. बाकीची हिरवळ मात्र गर्द, दाट. ती रागनाच्या सासऱ्यांची, हाल्वोर यांची होती. त्यांनी त्या हिरवळीवर दुसऱ्या कुणाला कधी गवत कापायचं यंत्र फिरवू दिलं नाही. जानेवारीत ते गेले तेव्हा जमीन दगडासारखी गोठली होती. शवपेटी दफनभूमीच्या तळघरात थांबली आणि मे महिन्यात जमीन मऊ झाल्यावर त्यांना मातीत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा नेल्स सरोवरातल्या लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर परत गेला. सरोवर गोठेपर्यंत आता तो मुक्कामाला यायचा नाही. अख्ख्या दफनविधीत त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं. निघताना बूट बांधता बांधता म्हणाला, "बाबांची हिरवळ तेवढी सांभाळ," आणि त्याची नाडी काही बांधून होईना.

रागनानं सांभाळली. बर्फाखाली धरलेली राखाडी बुरशी दाताळ्यानं विंचरून काढली, यंत्राचं पातं उंच ठेवलं. कुंपणावरची पिवळी फुलं गळायला लागली तशी दरवर्षी सासरे टाकत तेच तणाचं दाणेदार औषधही टाकलं. आधी उभं, मग आडवं, कोपरा न सोडता.

पाय पुसून मायलेकी बाहेर आल्या. कुंपणापलीकडे शेजारचा आयनो किवेला यंत्रातलं गवत उपसत होता. हाल्वोर आणि तो, दोघं चाळीस वर्षं एकमेकांच्या हिरवळीला नावं ठेवत आले होते.

"काय रागना, कापणीचे पट्टे तर सरळ काढलेस. हाल्वोरच्या पट्ट्यांना नेहमी दारू प्यायल्यासारखा बाक!"

"ऐकू जाईल हं त्यांना, आयनोकाका."

"जाऊ दे की. जिवंत होता तेव्हा कुठं ऐकायचा?" त्यानं हनुवटीनं गोलाकडे खूण केली. "हे टक्कल मात्र अजून दिसतंय."

"बी आणून टाकते या आठवड्यात."

"आणखी बी? त्यानं पेरलंय की. नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आदल्या दिवशी. हात निळे पडलेले, तरी हातमोजे घालेना. म्हणे, हातमोज्यातून बी एकसारखं पडत नाही."

"नोव्हेंबरात?"

"गार जमिनीत ते रुजत नाही, नुसतं निजून राहतं. वसंतात बर्फाच्या पाण्याबरोबर आत मुरतं." बोलता बोलता त्याचा हात थांबला. "तू औषध गोल सोडून टाकलंस ना?"

रागनानं नकारार्थी मान हलवली.

"अगं, त्या औषधाला तण काय आणि गवत काय! नवं फुटेल ते दाबतं." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "असू दे. ऑगस्ट सरता सरता पुन्हा पेर. तोवर जोर ओसरेल. आणि नेल्सला माझ्याकडून काही कळायचं नाही."

त्यानं दोरी ओढली. यंत्र घरघरत दूर गेलं.

लोवा सगळा हिवाळा सांगत होती की बर्फाखाली आजोबांचं बी निजलंय, शाळेला सुट्टी लागेपर्यंत उगवेल. रागनाला वाटलं होतं, गेलेलं माणूस बियासारखं मातीत निजतं आणि एक दिवस पुन्हा उठतं, असं चर्चमधल्या बाईंनी मुलांची समजूत घालायला सांगितलं असेल. तिनं प्रत्येक वेळी 'हो गं बाळा' म्हणून मुलीच्या केसांवरून हात फिरवला होता.

ती गोलात गुडघे टेकून बसली आणि बोटांनी माती उकरली. बी तिथंच होतं, गव्हाच्या कोंड्यासारखं हलकं. काहींना सुईच्या टोकाएवढा कोंब फुटून तिथंच खुंटला होता. तिनं चार दाणे तळहातावर घेतले.

लोवा शेजारी उकिडवी बसली. "झोपलेत?"

"नाही, लोवा. मी तणाचं औषध टाकलं ना, ते यांच्यावरही पडलं. आता हे उगवणार नाहीत. माझं चुकलं."

लोवानं ते दाणे एकेक करून उचलले, पुन्हा मातीत ठेवले आणि वरून हात दाबला. बराच वेळ तिचा हात तिथंच होता.

"आई."

"काय गं?"

"आजोबांना ठेवलंय त्या मातीवर तर आपण औषध नाही ना टाकलं?"