वैकुंठाचा ट्रंक कॉल

त्या गुरुवारी नागपुरात, सदरमधल्या आमच्या गल्लीत चपला ठेवायलाही जागा नव्हती. तारनाथ महाराजांच्या टेबलावर काळा टेलिफोन होता. त्याची वायर कापून टोक तांब्यातल्या गंगाजलात सोडलं होतं, आणि त्याच्यावरून म्हणे मेलेली माणसं बोलत. जिवंत माणसाला अर्ज करून वर्षानुवर्षं फोन मिळत नव्हता. मेलेल्यांना मात्र हातोहात कनेक्शन!

"लाइन क्लियर ठेवा! वैकुंठ एक्सचेंज बिझी आहे! आत्म्याले खोकला चालत नाही!" महाराज ओरडत होते. बिचारे दमेकरी बाहेर जाऊन खोकून येत.

रांगेत माझी शेजारीण वच्छला होती, आणि मागे तिची सासू पार्वतीबाई. वच्छलाचा नवरा विश्वनाथ तापाने गेला, तेव्हापासून दोघी एका खोलीत राहत. पण हल्ली घरात बोलणं जवळजवळ बंद. जे सांगायचं ते गुरुवारी विश्वनाथला, तेही एकेकटीनं आत जाऊन. मी विज्ञानाचा मास्तर. मला त्या महाराजांपेक्षा या मुकेपणाची जास्त चीड येई.

वच्छलाला सावनेरच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. फोन मात्र दर वेळी म्हणे, "नागपूर सोडू नको. तुझ्याविना मी एकटा पडतो." जावं तर नवऱ्याला टाकल्याचं पाप, राहावं तर दोघींच्या पोटाची पंचाईत. पुरती कोंडली गेली होती ती.

आदल्या दिवशीच मी तिला विचारलं होतं, "वहिनी, फोन उचलल्यावर पहिले तुमी काय बोलता?"

"काय म्हंजे? मी वच्छला बोलून राहिली, आईचे गुडघे दुखतात, सावनेरची नोकरी लागली, जाऊ का?"

"म्हणजे सगळं तुमीच सांगता!"

ट्रंक कॉलनं लावलेली सवय ही. लाइन कटेल या धास्तीनं आपण पलीकडचा आवाज ओळखायच्या आधीच घरचं सगळं ओरडून मोकळे होतो. खरखर असली तर लांबचा फोन म्हणून तीही पोटात घालतो.

"एकदा चुकीचं सांगून पाहा," मी म्हणालो.

"मेलेल्या माणसाची परीक्षा घेऊ? काहीतरीच बोलता मास्तर!" ती तणतणत निघून गेली.

आज तिची पाळी आली तसा मी दार अडवून उभा राहिलो, ते बंद होऊ नये म्हणून. तिनं रिसिव्हर उचलला.

"हॅलो, मी वच्छला. आपला श्रीधर पास झाला."

ती ऐकत राहिली. मग रिसिव्हर खाली घेऊन सगळ्यांकडे वळली.

"हा म्हणते, शाब्बास! पोरगा बापावर गेला!" तिचा आवाज चढला. "मले लेकरूच नाही! श्रीधर नाव आमी दोघांनी ठरवून ठेवलं होतं. लेकरू झालंच नाही. हे त्याले ठाऊक नाही?"

"राँग नंबर! राँग नंबर लागला, माई!" महाराज धावले.

"मंग आजवर कोणाशी बोलून राहिली मी?"

मी टेबल उचललं. पोकळ पायातून दोन बारीक तारा निघून सतरंजीखालून मागच्या खोलीत गेल्या होत्या. दार ढकललं तर महाराजांचा मेहुणा रुपराव दुसरा रिसिव्हर कानाला लावून बसलेला, पुढ्यात टॉर्चचे सेल. गंगाजलातली वायर नुसती दाखवायची. दोन रिसिव्हर, दोन तारा, थोडे सेल. वैकुंठ एक्सचेंज एवढंच होतं. वच्छला सावनेरला गेली असती तर दोघींची दर गुरुवारची दक्षिणा बुडाली असती.

लोक महाराजांवर धावले. पार्वतीबाई मात्र सुनेजवळ आली.

"मले तो म्हणे, सून टाकून जाईल तुले. मी भेऊन गप्प राहिली वं."

"टाकून कशी जाईन, आई? तुमाले संगं नेऊ का, हेच तर त्याले विचाराले येत होती."

म्हातारी रडायला लागली. "मंग मलेच विचारायचं ना वं!"

मेलेली माणसं बोलत नाहीत. हे कडू आहे, पण खरं आहे. म्हणून मंडळी, नुसत्या आवाजावर विश्वास टाकू नका. कोण बोलतोय ते आधी तपासा. आणि घरातल्या माणसाला जे विचारायचं, ते त्याच्यासमोर बसून, तो जिवंत आहे तोवर विचारा.