हात लावून न कळलेली ओल

मी गॅरेजमधला कोबा बोलतोय. होय, ज्याच्यावर पाय देऊन सगळे पुढे जातात तोच. वाळू, खडी, सिमेंट आणि पाणी, एवढ्यावर माझा जन्म झाला. माझ्यावर गाडी कधीतरीच उभी राहिली, एरवी या घरातल्या बाबांचं सुतारकामच चालायचं. कष्टाळू माणसाच्या पायाखाली राहायला मिळालं, हे माझं भाग्यच.

दुखणं एकच, मला खालून ओल येते. वरून मात्र मी ठणठणीत!

गेल्या वर्षी बाबांच्या लेकीनं, म्हणजे ताईनं, मला रंगवायचं काढलं. रंगारीकाकांनी तळहात टेकवला, "कोरडा ठाक आहे" म्हणाले आणि रंगाचे दोन हात मारले. मीही आठवडाभर भाव खाल्ला. चार महिन्यांत फोड आले, पापुद्रे सुटले. एका पापुद्र्यात बाबांची चप्पल अडकली आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा शनिवारी दवाखान्यातून येणार होते. ताईनं गुरुवारी सकाळीच काकांना बोलावलं. त्यांनी जुना रंग खरवडला आणि प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून माझ्यावर चिकटवला.

"हे काय आणखी? काका, परवा बाबा येतायत!"

"एक दिवस द्या, ताई. आत ओल असली, तर या प्लास्टिकखाली जमेल. मागच्या वेळी नुसता हात लावून बघितलं. बाबा पडले ते माझ्यामुळे."

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचललं, तर आतून थेंबच थेंब आणि खाली काळपट डाग. माझं बिंग फुटलं, पण खरं सांगतो, फार हलकं वाटलं.

ताईला रडूच फुटलं. "मग असाच उघडाबोडका ठेवायचा?"

"आधी ओल कुठून येते ते शोधू. तोवर मी रंग लावणार नाही. दुसरा माणूस आणलात तरी माझा राग नाही."

ताईनं डोळे पुसले. मग तिनं झाडू घेतला आणि मला स्वच्छ झाडलं.

शनिवारी बाबा वॉकर टेकत आले. त्यांनी माझ्यावर पाय ठेवला. एक पाऊल, मग दुसरं.

"बरं झालं, रंग नाही लावलास," बाबा म्हणाले. "पाय कसा घट्ट बसतोय."

आता भिंतीमागचा गळका पाइप बदललाय. मी सावकाश वाळतोय. तुम्हीही आपल्या कोब्याला रंगाआधी एक दिवस द्या, एवढंच मागणं.

आणि काका, आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगायला मोठं मन लागतं. ती तुम्ही सांगितलीत, म्हणून बाबा माझ्यावर निर्धास्त उभे आहेत. तुमचे उपकार फिटायचे नाहीत.