आडवा हात

काचेवर टिचकी मारायची नाही, मित्रांनो. आधी हात मागे घ्या, मग बोलते. मी एक म्हातारी कोळीण आहे. जळमटातली नव्हे. माणसाच्या तळहाताएवढी, केसाळ, काळी-तपकिरी. शिकलेले लोक मला टॅरेंट्युला म्हणतात. मी शिकलेली नाही, पण जमिनीवरून कोण कसं चालत येतं ते पायांच्या केसांना कळतं, आणि चालीवरून माणूस कळतो. वय सोळा. आठांतला एक पाय बारीक आणि आखूड आहे. तो तसा का, तेवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म एका पेटीत झाला, शेकडो भावंडांत. कोण कुठे गेलं ते आईलाही ठाऊक नसेल. दहाव्या वर्षी ओल्या कागदात गुंडाळून, भोकं पाडलेल्या डब्यातून मी वाघोलीला आले. हे कुटुंब मंडईजवळच्या दोन खोल्या सोडून नुकतंच इथल्या नव्या सोसायटीत आलं होतं. मुलगा आमोद कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही पाळलं, ते मी.

त्याचे वडील श्रीधरराव डब्यात डोकावले आणि म्हणाले, "घरात आणखी एक बाई आली म्हणायची. ही बोलत तरी नाही."

"अहो, नाष्टा गार होतोय," आई हेमाताई म्हणाल्या. एवढंच.

आमोदला हौस दांडगी, अक्कल बेताची. मला माशांच्या रिकाम्या टाकीत सोडलं. टाकी एवढी उंच की पडले असते तर पोट फुटलं असतं. खाली कुंडीतली खताची माती, ती रोज पाणी मारून चिखल केलेली. वर दिवा. लपायला जागा नाही. चार दिवस मी काचेला चिकटून होते आणि तो मित्रांना सांगत होता, "बघ, किती शांत आहे." शांत कसली, घाबरले होते. एकाने बोट पुढे केलं, तेव्हा मागच्या पायांनी पोटावरचे केस त्याच्या अंगावर उडवले. आठवडाभर खाजवत होता. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

मग आमोदने कुठूनतरी वाचलं आणि सुधारला. नारळाच्या काथ्याचा कोरडा भुसा उंचच उंच भरला, म्हणजे पडायची भीती गेली. अर्धी करवंटी उपडी ठेवली, तिला दार पाडलं. बाटलीच्या झाकणात पाणी. आठवड्याला एक रातकिडा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याने हात काढून घेतला. पहिल्यांदा करवंटीत शिरले त्या दिवशी मला घर मिळालं.

महिन्याभराने माझं जेवण सुटलं. आम्हाला कात टाकायची असते तेव्हा असंच होतं. जुनं अंग सोडून नवं बाहेर येतं, आणि ते नवं अंग काही दिवस सायीसारखं मऊ असतं. तेव्हा एक रातकिडाही आम्हाला कुरतडून खाऊ शकतो. नेमका आमोद कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे बंगळूरला निघाला.

"आई, ती खात नाहीये. काही टाकू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना."

कारण सांगितलं असतं तर जीभ झिजली नसती. पण या घरात कारण सांगायची पद्धत नाही.

आता हेमाताईंचं ऐका. त्यांचा पंगतीतला आग्रह आख्ख्या नात्यात प्रसिद्ध. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडायचीच. 'नको' हा शब्द त्यांनी कधी खरा मानला नाही. मी करवंटीच्या दारावर दाट जाळं विणलं. माझा तो आडवा हातच होता.

आठव्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "तू तिकडे मजेत जेवतोस, आणि मी इथे मुक्या जिवाला उपाशी ठेवू?" फोन ठेवला, जाळं काडीने बाजूला केलं आणि तीन लठ्ठ रातकिडे आत सोडले. वर मायेने म्हणाल्या, "खा गं बाई. लाजू नकोस."

त्याच दुपारी मी पाठीवर उलटी झाले. कात टाकायला असंच पडावं लागतं. हेमाताईंनी पाहिलं आणि श्रीधररावांना हाक मारली, "अहो, मेली बहुतेक. उपासाने गेली." मी मेले नव्हते, मित्रांनो. मी जुन्या कातडीतून एकेक पाय ओढून काढत होते आणि ते तिघे पाहुणे माझ्या एका डाव्या पायाला लागले होते. मला हलता येत नव्हतं. श्रीधररावांनी चष्मा लावून पाहिलं आणि चिमट्याने रातकिडे काढले, म्हणून आज बोलते आहे. पाय मात्र गेला.

पुढे दोन काती टाकल्यावर नवा आला, हा असा. हेमाताई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत. मीही त्यांना माफ केलेलं नाही.

मग आमोद अमेरिकेला गेला, तो तिकडचाच झाला. त्याला मला तिकडे नेता येत नव्हतं. आईलाही त्याने नेलं नाही. श्रीधरराव वारले. मागच्या वर्षी अर्धांगवायूने हेमाताईंचं उजवं अंग गेलं आणि त्यांचा पलंग माझ्या टाकीसमोर आला. आता आम्ही दोघी एकमेकींना दिवसभर बघतो. सांभाळायला मैना नावाची बाई आहे. तिला हेमाताईंनी अडखळत एक नियम शिकवला: "तिने सकाळपर्यंत खाल्लं नाही, तर किडा काढून घ्यायचा. जबरदस्ती नाही." मैना तो पाळते. माझ्यापुरता.

काल दुपारी हेमाताईंनी भाताच्या ताटावर डावा हात आडवा धरला.

"आजी, हात काढा. साहेबांनी बजावलंय, ताट संपलं पाहिजे," मैना म्हणाली. समोर टेकवलेल्या फोनमधून आमोद म्हणाला, "आई, अगं दोनच घास. आमच्यासाठी."

मैनाने तो हात उचलून बाजूला ठेवला, जसं ते जाळं काडीने बाजूला केलं होतं. चमचा तोंडात गेला. गिळताना हेमाताईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या आखूड पायाकडे. बराच वेळ.

मित्रांनो, मला खूश व्हायला हवं होतं. झाले नाही. तुम्ही कुणाला पाळा, कुणाला सांभाळा, पोट भरण्याची घाई करू नका. ताटावर हात आडवा आला, तर तो उचलण्याआधी विचारा. आणि उत्तर 'नको' आलं, तर ते खरं माना.