दार ओढायची दोरी

"बसा, बसा. दाराला हात लावू नका," एरास्मो मागे न बघताच ओरडला आणि त्याने दोरीला पुन्हा एकदा हिसका दिला.

दार चौकटीपर्यंत आलं, चौकटीवर आपटलं आणि परत फिरलं. गाडी बाजाराच्या उतारावर नाक खाली करून उभी होती. त्यामुळे दार सताड उघडून पुढे जाऊन पडलं. मागे अडकलेल्या गाड्यांनी हॉर्नवरचा हात काढायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

मागच्या सीटवर लालाआजी मांडीवर टोपली घेऊन बसली होती. टोपलीवर ओलं फडकं बांधलेलं होतं आणि आत डोंगरातले जुमिल किडे वळवळत होते. बाजारात गिऱ्हाईक ते जिवंतच मागतं, मिठातिखटाबरोबर खातं.

"लेकरा, मी ओढू का?"

"आजी, या गावात गिऱ्हाईक दार लावत नाही."

"ते खरं. पण मग लावणार कोण? माझे किडे मरतील इथेच."

"नाही मरत!"

"मग काच तरी बोटभर खाली घे. हवा कोंडते, म्हणून लागत नाही."

एरास्मोच्या डोक्यात तिडीक गेली. जो उठतो तो काच खाली घ्यायला सांगतो! जन्म गेला त्याचा या गाडीत.

या तास्को गावात टॅक्सी म्हणजे पांढरी बोचो, कासवाच्या पाठीची छोटी गाडी. चढउतारांच्या त्या बोळांतून दुसरं काही नीट वळत नाही. ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि दारं दोनच, म्हणून त्याच्या शेजारची उजवी सीट काढून टाकायची. गिऱ्हाईक त्या रिकाम्या जागेतून मागे जाऊन बसतं आणि ड्रायव्हर आपल्या जागेवरून दाराला बांधलेली दोरी ओढतो. एकच झटका, आणि टक्. गिऱ्हाइकाने दाराला हात लावला तर तो ड्रायव्हरचा अपमान. एरास्मोचं टक् तर असं होतं, की गल्लीतल्या बायका आवाजावरून सांगायच्या, एरास्मो आला म्हणून.

आता तो खाली उतरला, गाडीला वळसा घालून गेला आणि डाव्या हाताने दार लावून आला. मागच्या गाडीतला ओरडला, "काका, दोरी कपडे वाळत घालायला ठेवलीय का?" एरास्मोने ऐकलं नाही असं दाखवलं.

दोन महिने हेच चाललं होतं. तो आता शक्यतो चढावरच थांबायचा, म्हणजे दार आपल्या वजनानेच मिटायचं. उतारावर कुणी हात केला तर त्याला दिसायचं नाही. गिऱ्हाइकं कुरकुरत चार पावलं चालायची. दोष दाराचाच असायला हवा होता. दाराचा नसला तर खांद्याचा ठरला असता, आणि एकदा खांद्याचा ठरला की गाडी रुफिनोची. रुफिनो हा बायकोचा भाऊ. तो कधीपासून या बोचोवर डोळा ठेवून होता आणि येता जाता प्रेमाने विचारायचा, "भाऊजी, हात कसाय?"

लालाआजीला बाजारात सोडून एरास्मो तडक नाबोरकडे गेला. नाबोर पत्र्याचं, डेंटिंगचं काम करायचा. एरास्मोच्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणजे घरचाच माणूस. त्याने दार दोन बोटांनी ढकललं. टक्.

"दाराला काही झालेलं नाही."

"बाहेरून कुणीही लावेल. आत बस आणि दोरीने ओढ."

नाबोर आत बसला. टक्.

"इथे सपाट आहे."

गाडी उतारावर नेली. टक्.

"काच उघडी ठेवलीस तू."

"काच उघडीच ठेवतात, एरास्मो. सगळं गाव ठेवतं." नाबोरने हात पुसले. "बिजागरीच्या खिळी मी बदलल्या. खटक्याला मेणबत्ती घासली. नायलॉनची दोरी काढून घायपाताची लावली, कारण म्हणे नायलॉन हातातून निसटतो. आता बदलायची एकच गोष्ट राहिलीय."

"कुठली?"

नाबोरने त्याच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"गिअर टाकतो मी या हाताने!" एरास्मो कडाडला. "दिवसभर टाकतो!"

"गिअर खाली असतो. त्याला खांदा लागत नाही."

"रुफिनोने पाठवलं वाटतं तुला?"

"मला कोण पाठवणार? मी इथेच असतो. तू आलास माझ्याकडे." नाबोरने दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "ठेव गाडी. दुपारून ये."

एरास्मो घरी जेवायला गेला. गुरुवार होता, म्हणजे घरोघरी हिरवा पोसोले, मक्याचं कालवण. अंगणात पेरूच्या झाडाखाली त्याची बायको चोले बोचोच्या काढून टाकलेल्या सीटवर बसली होती. गाडी घेतली तेव्हापासून ती सीट तिथेच होती. चोले तिच्यावर बसून मका सोलायची, शेजारणींशी भांडायची, दुपारी डुलकी काढायची. नवऱ्याच्या गाडीत मात्र ती गिऱ्हाइकासारखी मागे बसायची, कारण पुढे जागाच नव्हती.

"डाव्या हाताने खातोयस," ती म्हणाली.

"चव तीच लागते."

"शर्टाची वरची गुंडी लागत नाही तुझी. मिठाचा डबा फळीवरून खाली आलाय. आता घर पण नाबोरकडे टाकायचं का दुरुस्तीला?"

"दार बिघडलंय, चोले."

"मी खांद्याचं नाव तरी काढलं का, म्हाताऱ्या?"

तो अर्धा वाडगा तसाच टाकून उठला.

नाबोर वर्कशॉपच्या तोंडाशी उभा होता. "तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "दारच होतं. ओढून बघ."

एरास्मोने ओढलं. जेमतेम ओढलं, आणि दार आलं, लागलं. टक्. त्याने पुन्हा उघडून पुन्हा ओढलं. मग मात्र त्याचं तोंड सुटलं. "सांगत होतो मी! दोन महिने घसा कोरडा करतोय! आणि तू माझ्या खांद्याकडे बघतोस? डॉक्टर आहेस का पत्रेवाला?" नाबोरने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. इतक्या निमूटपणे ऐकून घेणारा तो माणूस नव्हता, पण आनंदाच्या भरात एरास्मोच्या ते लक्षात आलं नाही.

तो मुद्दाम बाजाराच्या उतारावर गेला, नाक खाली करूनच थांबला. लालाआजी रिकामी टोपली घेऊन बसली. सकाळचं उट्टं काढायचं म्हणून त्याने आपल्या बाजूची काचही पार वर चढवली. मग दोरी ओढली. टक्.

"ऐकलंत?"

"ऐकलं. चल आता, पाय दुखतात."

चर्चच्या मागच्या वळणावर आजीने शाल ओढून घेतली. "वारा कुठून येतोय रे? काचा तर बंद आहेत."

वारा खरंच येत होता, आणि दार बारीक खडखडत होतं. एरास्मोने गाडी कडेला घेतली, उतरून पलीकडे गेला आणि दाराच्या कडेवरून डावा हात फिरवला. रबर नव्हतं. वरपासून खालपर्यंत सगळं जाड रबर सोलून काढलेलं होतं. खटक्याची जीभही कानशीने घासून पातळ केली होती. आता हवा कोंडायचा प्रश्नच नव्हता. अशा दाराला ओढायला खांदा कशाला लागतो?

आधी त्याला राग आला, नाबोरच्या वर्कशॉपला आग लावावी इतका. पण तो राग टिकेना. मुलीच्या धर्मपित्याने त्याच्यासाठी चांगलं दार हाताने बिघडवलं होतं आणि वर त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. एरास्मोला लाज वाटली.

"काय झालं?" आजीने विचारलं.

"काही नाही. दार बिघडलंय."

"सकाळीही तेच म्हणालास."

"सकाळी चांगलं होतं, आजी."

तिला घरी सोडून तो परतला तेव्हा चोले अजून पेरूखालीच होती.

"ऊठ."

"का?"

"सीट पाहिजे."

ती उठली. सीट गाडीशी नेली, पण रुळांत जाईना. रुळांत वर्षानुवर्षांची माती, केसांच्या पिना, चॉकलेटचे कागद. एरास्मोने स्क्रूड्रायव्हरने सगळं खरवडलं, सीटला लाथा घातल्या, गाडीला शिव्या दिल्या. शेवटी चोलेने मागून ढोपर लावून ढकललं तेव्हा ती सरकली.

"गिऱ्हाइकं मागे जाणार कशी?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"रुफिनोला रविवारी जेवायला बोलाव. तो काढेल हवी तर सीट." एरास्मो दोरीची गाठ सोडत होता, डाव्या हाताने आणि दातांनी. "रविवारपर्यंत गाडी माझी आहे. तोवर तू पुढे बस."

दोरी सुटली. त्याने तिचं वेटोळं करून खिशात घातलं, चोलेला पुढे बसवून दार बाहेरून लावलं आणि गाडी नाबोरकडे काढली.

नाबोरने आधी गाडी पाहिली, मग पुढे बसलेली चोले.

"माझं रबर?" एरास्मो म्हणाला.

नाबोर आत गेला आणि रबर घेऊन आला. फेकलं नव्हतं. त्याने ते सगळीकडून चिकटवलं, खटकाही दुसरा बसवला. एरास्मो शेजारी उभा राहून इथे दाब, तिथे दाब सांगत होता आणि नाबोर, "माहितेय रे," म्हणत होता. काम झाल्यावर एरास्मो आपल्या जागेवर जाऊन बसला.

चोलेने आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीचं दार ओढलं. ते आलं आणि परत फिरलं. तिने जोर लावून पुन्हा ओढलं, ते पुन्हा फिरलं.

"लागत नाहीये," ती म्हणाली. "कडक आहे."

एरास्मोचा उजवा हात मांडीवर होता. तो तसाच राहिला.

"काच बोटभर खाली घे," तो म्हणाला. "हवा कोंडते."

तिने काच खाली घेतली आणि दार ओढलं. टक्.