तीन विजांची परवानगी

हे लिहायचं नाही असं शेंगवेनने जवळजवळ ठरवलं होतं. लिहिणं त्याचं काम नाही. तो फोटो काढतो, तेही मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकलेला. पण यंदा वसंतात पिंगानचे आजोबा गेले, आणि त्यानंतर ती गोष्ट पोटात ठेवून त्याला झोप लागेना. म्हणून लिहिली. घडली तशी.

पिंगान त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या गावातली लग्नं गुहेत लागतात. गावाच्या वरच्या अंगाला डोंगर फाटलेला आहे. आत शिरलं आणि पहिलं वळण घेतलं की उजेड संपतो. तिथून दोनशे पावलांवर पिंगानच्या लुओ घराण्याची चूल, आणि चुलीच्या मागे सात-आठ पायऱ्या उतरून ओढा. तो डोंगराच्या पोटातून येतो आणि पोटातच जातो. नवरीने भर दुपारी त्या अंधारातून चालत जायचं आणि चुलीत जाळ करायचा. तोवर गुहेत दिवा नाही, आणि बोलणंही नाही. अंधारात जो शब्द तोंडातून जाईल तो नवरीच्या आयुष्याला लागतो, असं ते मानतात. लुशंग या फुंकवाद्याची वेळूची नळकांडी तेवढी वाजतात.

पिंगानच्या लग्नात फोटो कसे काढायचे हा प्रश्नच होता. आदल्या दिवशी शेंगवेन आजोबांकडे परवानगी मागायला गेला, कारण चूल त्यांच्या ताब्यात. आजोबांनी फ्लॅश हातात घेऊन उलटासुलटा केला, फुंकून पाहिला, आणि हे चावतं का म्हणून विचारलं. चावत नाही म्हटल्यावर चिलीम ओढायला लागले.

"तीन वेळा," शेवटी म्हणाले. "चौथ्यांदा तुझी वीज चमकली तर गळ्यातली ती पेटी ओढ्यात."

"पेटी कशाला, आजोबा," पिंगान मागून म्हणाला, "त्यालाच टाका. पेटी चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी शेंगवेन सगळ्यांच्या आधी आत गेला. एक फ्लॅश त्याने स्टँडवर लावून चुलीमागे, मधल्या पायरीवर ठेवला. हातातला फ्लॅश चमकला की तो पाहून मागचाही चमकणार. मागून उजेड आला की नवरीच्या डोक्यावरच्या चांदीला धार येते. ओढा तिथूनही चार पायऱ्या खाली होता, घोटाभर पाण्याचा. त्याने बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं होतं. हे तो आजही शपथेवर सांगतो.

आजोबा येऊन चुलीजवळच्या दगडावर बसले, ओढ्याकडे पाठ करून. दिवे विझले. लुशंग घुमायला लागली. बंद गुहेत ती वाजते तेव्हा कानातून नाही, छातीतून ऐकू येते.

नवरी, श्यूहुआ, वळणावर आली तेव्हा त्याने पहिली वीज खर्च केली. चांदीचा मुकुट, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, लांब चुलीमागे दुसऱ्या फ्लॅशचा पांढरा ठिपका. मस्त. कॅमेरा जॅकेटच्या आत घालून, मान खुपसून त्याने फोटो पाहिला आणि खूश झाला.

दुसरी वीज अर्ध्या वाटेवर. ठिपका होता, पण त्याच्याखाली आणखी एक ठिपका दिसला, थरथरता. ओली पायरी चमकली असेल, असं त्याला वाटलं. तो पुढच्या फोटोच्या विचारात होता.

तिसरी वीज श्यूहुआ चुलीपुढे गुडघे टेकून बसली तेव्हा. मागचा फ्लॅश चमकलाच नाही.

शेंगवेनने मनात शिवी हासडली. शेवटची वीज, आणि सेल संपले. जॅकेटमध्ये डोकं घालून त्याने फोटो मोठा करून पाहिला. चुलीमागे स्टँड नव्हता. पायऱ्याही नव्हत्या. चुलीपासून हातभर अंतरावर काळं, सपाट, चकाकणारं काहीतरी होतं, आणि त्यात नवरीची चांदी उलटी दिसत होती.

 श्यूहुआच्या चकमकीचा टक, टक असा आवाज येत होता. कापूस दमट असावा, पेटत नव्हता. ओढा चढला तर या गावातल्या माणसांना पाण्याच्या आवाजावरून कळतं, लहान पोराला कळतं. पण लुशंगपुढे कुणाला काय ऐकू येणार? चारशे माणसं तोंड मिटून उभी, आणि बाहेर जायची वाट एकच, तीही मध्ये सखल, म्हणजे पाणी तिथे भरणार.

त्याने तोंड उघडलं. परत मिटलं. पिंगानच्या बायकोच्या आयुष्याला आपला शब्द लावायचा, हे त्याच्याने होईना. मूर्खपणा म्हणा हवं तर. मग त्याने फ्लॅश पूर्ण जोरावर केला, पाण्याच्या दिशेला धरला आणि बटण दाबलं.

चौथी. लोक दचकले. फ्लॅश पुन्हा भरायला चार-पाच सेकंद लागतात, तेवढा वेळ बारीक शिटी वाजते. ती शिटी ऐकत तो उभा होता. कुणीतरी अंधारात त्याची कॉलर धरली. पाचवी. पाणी चुलीच्या दगडाला लागलेलं. कॉलर धरणाऱ्याचा हात सैल पडला. परत शिटी. सहावी. पाणी राखेत.

"पाणी आहे," श्यूहुआ म्हणाली. अगदी हळू, घरात सांगावं तसं. "उठा सगळे."

लुशंग थांबली. आणि मग पाण्याचा तो आवाज ऐकू आला, जो इतका वेळ होताच.

शेंगवेन फ्लॅश मारत राहिला, म्हणजे वाट दिसावी. प्रत्येक चमकेत माणसं पुढे सरकलेली दिसायची, पाणी मागे लागलेलं दिसायचं. पिंगानने आजोबांना पाठुंगळी घेतलं होतं. सखल जागी पाणी मांड्यांपर्यंत आलं. पण सगळे निघाले. मोजले, दोनदा मोजले.

बाहेर लख्ख ऊन. अंगणातली धूळसुद्धा ओली नाही. पाऊस डोंगराच्या पलीकडे कुठेतरी पडला होता, आठ मैलांवर.

अंगणात घमेल्यात जाळ केला आणि लग्न उरकलं. आंबट माशाचा रस्सा वाढला गेला. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. श्यूहुआची मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाली की तिनावर थांबला असता तर ओढा झोपलेलाच राहिला असता. चौथी चमकली आणि पाणी उठलं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि ते खरंच होतं. सगळ्यांनी पाणी पाहिलं ते चौथ्या विजेतच. जेवणं व्हायच्या आत पुढच्या महिन्यातल्या दोन लग्नघरांनी त्याला नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तो पिंगानला माळ्यावर घेऊन गेला, लॅपटॉप उघडला. त्याच्याकडे पुरावा होता ना. तिसरा फोटो. परवानगीची वीज, आणि पाणी आधीच वर.

"हा उद्या सगळ्यांना दाखवतो," शेंगवेन म्हणाला.

 पिंगानने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फोटोत सगळे नवरीकडे बघत होते. एकटे आजोबा मान वळवून मागे, पाण्याकडे. आणि त्यांची दोन्ही पावलं दगडावर उचलून घेतलेली, ओली, गवताच्या चपलांतून पाणी ठिबकत असलेली.

खालून आजोबांचा खोकला ऐकू आला. सगळ्यांची जेवणं झाली का, ते विचारत होते.

"त्यांना माहीत होतं," शेंगवेन म्हणाला.

"माझ्या आईच्या लग्नात ती अंधारात ठेचकाळली," पिंगान सांगायला लागला. "तेव्हा ते 'जपून' म्हणाले. एवढंच. मी झालो त्याच वर्षी ती गेली. आजीने सांगितलं मला. ते स्वतः कधी बोलले नाहीत." तो थांबला. "हा फोटो दाखवलास तर गाव त्यांना विचारेल, चारशे माणसं बुडवणार होतात का म्हणून. आणि ते हो म्हणतील. ते खोटं बोलत नाहीत."

"आणि मी? पाणी मी उठवलं, हे ऐकत फिरू?"

पिंगानने मान खाली घातली. 

खाली आजोबांनी परत विचारलं, तो फोटोवाला पोरगा जेवला का. शेंगवेनने लॅपटॉप मिटला.

"तुझे आजोबा आहेत तोवर हा फोटो कुणी बघणार नाही," तो पिंगानला म्हणाला. "दिला शब्द."