तीन रिंगा

"बाई, ते स्टूल उचला. ही गाडी इथं थांबत नाही."

स्टेशनमास्तर माझ्या नातवाच्या वयाचा, बोलायला नम्र. मी स्टूल उचललं नाही. आमचा फलाट बुटका आणि माझ्या धाकट्या बहिणीचे दोन्ही गुडघे गेलेले. डब्यातून उतरताना तिच्या पायाखाली ठेवायला ते घरून आणलं होतं.

"थांबत नाही म्हणजे? एवढी वर्षं अर्ज कुणी केले?"

"तुम्हीच केलेत. फाइल बघितलीय मी. उशाला घेण्याइतकी जाड आहे."

या स्टेशनावर मी तीस वर्षं तिकिटं दिली. आमच्या राज्याची गाडी इथे संपायची. पुढे नदी, तिच्यावर पायी जायचा लांबलचक पूल आणि पलीकडच्या काठावरून शेजारच्या राज्याची गाडी सुटायची. आमची पोचायची नऊ दहाला, त्यांची सुटायची नऊ पंचवीसला. पूल ओलांडायला वीस मिनिटं, पोर कडेवर असलं तर पंचवीस. वेळापत्रकं दोन कचेऱ्यांत बनायची आणि दोघींचं अबोला धरलेल्या जावांसारखं. विचारणार कोण?

शेवटी पलीकडच्या मास्तरांनी आणि मी एक रीत पाडली. माणसं पुलावर असली की मी त्यांचा फोन तीनदा वाजवून ठेवून द्यायची. मग त्यांचा गार्ड खाली उतरून दहा मिनिटं चाकं तपासत बसायचा. कुठल्याही कागदावर हे नव्हतं. धाकटी त्याच राज्यात दिलेली. माहेरून तिचा पाय लवकर निघायचा नाही. तिच्यासाठीही मी कितीदा तीन रिंगा दिल्या.

चार वर्षांपूर्वी तिला पूल चालवेना. मला तर अर्ध्यातच धाप लागते. मोटारीचा रस्ता फिरून जातो, पाच तासांचा. चार वर्षांत आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. आणि आता रेल्वेचा पूल झाला, दोन्ही राज्यं जोडणारी गाडी आली, आज तिचा पहिला दिवस.

"पण का नाही थांबत?"

मास्तरने मान खाली घातली. "पलीकडून आपल्या स्टेशनाची तिकिटं किती निघाली, त्यावरून थांबे ठरवले. चाळीस वर्षांत शून्य."

"शून्य? अरे, दिवसाला शंभर माणसं यायची!"

"पुलावरून चालत यायची ना, बाई. तिकीट त्या काठापर्यंतचंच."

म्हणजे कागदावर धाकटी माहेरी कधी आलीच नव्हती. सतरा अर्जांत मी पूल मागितला, रूळ मागितले, डबेसुद्धा मागितले. थांबा मागायचं सुचलं नाही. स्वतःच्या घरात 'बसू का' म्हणून कुणी विचारतं?

"दोन मिनिटं सिग्नल लाल ठेव. चाकं तपासायची म्हणावं."

"सिग्नल माझ्या हातात राहिला नाही. तिकडं शहरात बसून चालवतात सगळं."

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे दोन्ही खाती एकाच कचेरीत होती.

फोन वाजला. धाकटी.

"ताई, मी गाडीत बसलेय. पण तिकीट तपासनीस म्हणतो, तुमच्याकडं दारच उघडत नाही! पुढच्या मोठ्या स्टेशनाचं तिकीट आहे म्हणे. मी मेली न वाचताच बसले."

"मग आता?"

"मग काय, गाठोडं करून टाकायला सांगते खिडकीतून!" ती हसली. मला हसू येईना. "अगं, पुढं उतरून बसेन आणि याच गाडीनं परत फिरेन. दोनदा दिसशील की."

"फलाटाच्या बाजूला बस."

"बसलेय. तू ती निळी साडी नेसलीयस ना? नाहीतर ओळखू कशी?"

नेसले होते.

गाडी आली. नवी कोरी, काचा बंद. मास्तर हिरवा झेंडा धरून उभा राहिला. मी प्रत्येक खिडकी बघायचं ठरवलं होतं, पण तिसऱ्या डब्यानंतर सगळ्या खिडक्या एक झाल्या. कुठेतरी काचेला टेकलेला एक तळवा दिसला. तो तिचा होता की नाही, शपथेवर सांगता येणार नाही.

मुठीतला फोन वाजला. एकदा. दोनदा. तीनदा. आणि थांबला.

शेवटचा डबा पुलापासून दूर, वळणाआड गेला. मास्तरने झेंडा गुंडाळला.

"परतीची किती वाजता?" मी विचारलं.

"तीन चाळीसला. पण बाई, तीसुद्धा—"

"माहीत आहे," मी म्हटलं आणि स्टूल सावलीत ओढून त्यावर बसले.