दोन भोवरे

उकंडरावांना बैल पारखायचं भारी वेड. शेलूबाजारात ते बैलाच्या दातांआधी कपाळावरचा भोवरा बघत आणि मारका बैल लांबूनच ओळखत. इथवर ठीक होतं. पण म्हाताऱ्याने तीच पारख घरातल्या नातवालाही लावली, आणि तिथे सगळं बिघडलं.

इंद्रभानचं जावळ काढलं तेव्हा डोक्यावर दोन भोवरे निघाले. म्हाताऱ्याच्या थोरल्या भावालाही दोनच होते, आणि तो कुऱ्हाडीने माणूस मारून जेलात मेला. झालं! पोर रांगताना चावलं तरी दोन भोवरे, ताट फेकलं तरी दोन भोवरे. चौऱ्याहत्तर साली, सातवीत असताना, 'खुन्याच्या घरचा' म्हणणाऱ्या पोराचा त्याने दात पाडला. उकंडरावांनी लगेच न्हावी बोलावला.

"काढ याचे केस, दिसू दे भोवरे साऱ्याईले. उद्या याले केनवडले सालानं गडी ठेवतो. शाळा बस झाली. रक्तच तसं हाय, मास्तर काय करन?"

इंद्रभानची आई तुळसाबाई चुलीपासून उठली. पंधरा वर्षांत सासऱ्यापुढे तिचा पदर ढळला नव्हता. तिने लेकाला पाटावरून उठवलं आणि स्वतः बसली.

"माह्ये बी काढा, दादा."

न्हावी मागेच सरला. "बाई, कपाळावर कुंकू हाय तुमच्या!"

तिने त्याच्या धोकटीतली कात्री उचलली, अंबाडा सोडला आणि टाळूवरचे केस मुळापासून कापत सुटली. भीती होतीच, पण राग त्या भीतीहून मोठा होता.

"पाहा, मामाजी. बैल पाह्यता तसं जवळून पाहा. तुमी मले पाह्याले आले तवा मायनं मुद्दाम अंबाडा वर बांधला होता."

उकंडराव वाकले. एक भोवरा डावा, एक उजवा.

"मले बी राग येते. लय येते. पन माह्या बापानं मले कोनाच्या दावणीले नाही बांधलं, जवळ बसोलं. तुमच्या भावाले कोनं बसोलं जवळ?"

तुळसाबाईने खुंटीवरचं दप्तर काढलं, लेकाचा हात धरला आणि भरदिवसा दाराबाहेर पडली.

"डोकं तरी झाक," सासरा मागून ओरडला, "गाव पाह्यन!"

"पाहू द्या," ती मागे न वळता म्हणाली. "पह्यले दात पाडल्याची माफी, मंग वर्ग. चाल, इंद्रभान."